गुंतवणुकीचे घर : खरा भाव कसा ओळखाल?

गणपतीची आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादाच्या वाट्या फिरल्या की आपल्या मंडळींत हमखास दोन विषय निघतात. एक रक्तदाब आणि दुसरा घर. या सदराचे नाव ‘आरोग्य आणि अर्थ’ असे का आहे, याचा उलगडा मला अशाच एका आरतीनंतर झाला. दुसऱ्या विषयामुळे पहिला वाढतो!

गोष्ट २०२४ च्या सप्टेंबरमधली आहे. ड्रेस्डेनमधल्या आमच्या एका स्नेह्यांकडे दीड दिवसाचा गणपती होता. तिथे एक तरुण जोडपे भेटले. दोघेही पुण्याकडचे, दोघेही इथल्या चिप-उद्योगात नोकरीला. त्यांना भाड्याने देण्यासाठी म्हणून एक सदनिका घ्यायची होती. दलालाने किंमत सांगितली होती १,७९,२०० युरो आणि वर ‘अठ्ठेचाळीस तासांत कळवा, मागे तीन गिऱ्हाइके उभी आहेत’ असा निरोप दिला होता. ‘काका, हा भाव बरोबर आहे का?’ असे त्या मुलीने विचारले. मी म्हटले, ‘अगं, भाव बरोबर की चूक ते मी कोण सांगणार? तशीच घरे शेजारी केवढ्याला गेली, ते आधी बघू.’

अठ्ठेचाळीस तास तसेच निघून गेले. त्याच आठवड्यात, ११ सप्टेंबरला, इथल्या कॅरोला पुलाचा एक भाग कोसळला आणि गावाला बोलायला दुसरा विषय मिळाला. दलालाच्या मागे उभी असलेली तीन गिऱ्हाइके मात्र महिनाभर दिसली नाहीत.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, मी स्वतः ठेच खाल्ली आहे. २०१४ साली मी पीशेन भागात एक भाडेकरू असलेली सदनिका घेतली. तुलना केली नव्हती असे नाही. रात्र रात्र जागून इंटरनेटवरच्या जाहिराती उतरवून घेतल्या, त्यांची सरासरी काढली आणि त्या सरासरीपेक्षा दोन हजारांनी कमी भाव पाडून घेतला म्हणून आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडलो. मग कर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकार आला. त्याने घराची किंमत माझ्या सौद्यापेक्षा ११,००० युरोंनी कमी धरली. तेवढे कर्ज कमी मिळाले. सौद्यावर सही झालेली होती. शेवटी आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेले पैसे घालावे लागले आणि पुण्यात शस्त्रक्रियेच्या वेळी धाकट्या भावाकडे हात पसरावा लागला. त्याने एका शब्दाने बोलून दाखवले नाही. म्हणूनच ते अजून टोचते.

माझी चूक साधी होती. जाहिरातीतला भाव हा विकणाऱ्याची इच्छा असते, सौदा नव्हे. मंडईत भाजीवाली ऐंशी रुपये किलो म्हणते आणि गिऱ्हाईक साठला घेऊन जाते. मी ऐंशी-ऐंशीची सरासरी काढत बसलो होतो.

मग खरे सौदे कळायचे कसे? या बाबतीत जर्मनी हा देश आपल्या सोयीचा आहे. इथे कुठल्याही स्थावर मालमत्तेचा सौदा नोटरीसमोर करावा लागतो आणि नोटरीला त्या कराराची एक प्रत त्या भागातल्या मूल्यनिर्धारण समितीकडे पाठवावी लागते. या समितीला ‘गुटाख्टर-आउसशुस’ म्हणतात. १९६० सालच्या बांधकामविषयक कायद्याने पश्चिम जर्मनीत ही व्यवस्था सुरू झाली आणि एकीकरणानंतर ती ड्रेस्डेनसारख्या पूर्वेकडच्या शहरांतही आली. आलेल्या प्रत्येक कराराची नोंद करून समिती किमतींचा एक संग्रह ठेवते. घर कोणत्या भागात, कोणत्या साली बांधलेले, किती चौरस मीटर, भाडेकरूसह की रिकामे, केव्हा आणि केवढ्याला गेले, असा तपशील त्यात असतो. खरेदीदार-विक्रेत्यांची नावे अर्थातच मिळत नाहीत. त्यातला उतारा मागायचा तर योग्य कारण दाखवावे लागते आणि शुल्क भरावे लागते. शिवाय समिती बाजाराचा अहवाल प्रसिद्ध करते, तो कोणालाही पाहता येतो.

आपल्याकडे महाराष्ट्रातही आता हे काही प्रमाणात शक्य आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची ‘सूची क्रमांक दोन’ शोधता येते आणि शेजारच्या इमारतीतला गाळा किती रकमेला नोंदला गेला हे समजते. पण ‘नोंदला गेला’ या शब्दांतच मेख आहे. काळ्या-पांढऱ्याचा हिशेब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. इथे घरासाठी रोख रक्कम देण्यावर २०२३ च्या एप्रिलपासून कायद्यानेच बंदी आहे, आणि त्याआधीही पैसे बहुधा बँकेतूनच जात. त्यामुळे नोंदलेला आकडा खरा मानून चालता येते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. आपली काही मंडळी ‘बोडेनरिष्टवेर्ट’ला इथला रेडी रेकनर समजतात. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर आहे. बोडेनरिष्टवेर्ट हा प्रत्यक्ष सौद्यांवरून काढलेला, पण नुसत्या जमिनीचा सरासरी दर आहे. सॅक्सनीत तो इंटरनेटवर पाहता येतो. त्यावरून गल्ली भारी की हलकी एवढे कळते. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची किंमत त्यातून निघत नाही.

आता मूळ घराकडे येतो. घर ल्योब्टाउ भागातले. (ठिकाण आणि आकडे ओळख पटू नये इतपत बदलले आहेत, हिशेबाची रीत तीच ठेवली आहे.) १९०५ च्या सुमारास बांधलेली इमारत, १९९७ मध्ये डागडुजी झालेली. चौथा मजला, म्हणजे उतरत्या छपराखालचा. लिफ्ट नाही. छोटी बाल्कनी आहे, न्हाणीघर अलीकडे नवे केलेले. जाहिरातीत ६४ चौरस मीटर, म्हणजे भाव झाला मीटरला २,८०० युरो. भाडेकरू जुना, हीटिंग वगैरे सोडून भाडे महिना ४४८ युरो.

उतारा आला आणि इकडून तिकडून ऐकलेलेही काही सौदे होते. त्यातले दोन आम्ही पहिल्याच फेरीत काढून टाकले. एक सदनिका २०२१ साली बांधलेल्या नव्या इमारतीतली, मीटरला ४,६०० ला गेलेली. दलाल तीच पुढे करत होता. नवे आणि सव्वाशे वर्षांचे हे एका तागडीत कसे घालणार? दुसरी भावाने बहिणीला मीटरला १,५०० ने दिलेली. ते नात्याचे देणे होते, त्याला बाजारभाव म्हणता येत नाही. लिलावात गेलेली घरे, वारसांच्या भांडणातून घाईने काढलेली घरे यांचेही असेच.

आणि घाऊक सौदेही सोडूनच द्यायचे. २००६ साली ड्रेस्डेन महापालिकेने आपल्या गृहनिर्माण कंपनीची सुमारे ४८,००० घरे एका अमेरिकन गुंतवणूकदाराला सुमारे १.७ अब्ज युरोंना एका झटक्यात विकली आणि शहर कर्जमुक्त झाले. भागाकार केला तर घरटी पस्तीस हजारांच्या आसपास भाव येतो. तो आकडा आजही काही लोक चहा पिताना सांगतात. पण ठोक बाजारातल्या पोत्यावरून किरकोळीचा भाव काढणे बरोबर नाही, त्यातून ते पोते १८ वर्षांपूर्वीचे.

उरले चार सौदे. त्यांच्याशी आपले घर ताडून पाहायचे. इथे नियम असा की, दुरुस्ती विकल्या गेलेल्या घराच्या भावात करायची, आपल्या नव्हे. ते घर आपल्यापेक्षा सरस असेल तर त्याच्या भावातून वजा करायचे, निकस असेल तर त्यात मिळवायचे. नवशिके नेमके उलटे करतात. मीही केले आहे.

पहिले घर त्याच रस्त्यावरचे, ५८ चौरस मीटर, दुसरा मजला, भाडेकरूसह, २,७०० चा भाव. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्यापेक्षा दुसरा मजला बरा, म्हणून ५ टक्के वजा केले. राहिले २,५६५. दुसरे ६१ मीटरचे, पहिला मजला, भाडेकरूसह, २,६००. मजल्याचे ६ टक्के वजा, पण त्याला बाल्कनी नाही म्हणून २ मिळवले. सुमारे २,५०० आले. तिसरे ५२ मीटरचे, आपल्यासारखेच छपराखालचे, भाडेकरूसह, २,४००. त्याचे न्हाणीघर जुनाट, म्हणून ३ टक्के मिळवले. सौदा दीड वर्षापूर्वीचा. जर्मनीत घरांच्या किमती २०२२ च्या मध्यापर्यंत चढल्या, व्याजदर वाढल्यावर २०२३ मध्ये उतरल्या आणि २०२४ मध्ये स्थिरावू लागल्या. तेव्हा काळापोटी १ टक्का वजा केला. आले २,४५० च्या आसपास.

चौथे घर ३,३०० ला गेलेले, पण रिकामे. हा मुद्दा आपल्या लोकांच्या चटकन ध्यानात येत नाही. आपल्याकडे भाडेकरू अकरा महिन्यांचा. इथे घर विकले तरी भाडेकरार चालूच राहतो, नवा मालक फक्त जुन्याच्या जागी येतो. रिकामे घर स्वतः राहणाराही घेतो, भाडेकरूसहचे घर बहुधा गुंतवणूक करणाराच घेतो. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. यासाठी १५ टक्के आणि मजल्यासाठी आणखी ५ टक्के वजा केले, तर साधारण २,६६५ आले. पण एवढी मोठी काटछाट करावी लागली की त्या तुलनेवर फार विसंबू नये. ती मी नुसती साक्षीला ठेवली.

हे टक्के कुठून आणले? मजला आणि बाल्कनीचे हा माझा अंदाज आहे, दुसरा कोणी एखाद-दुसरा टक्का इकडे तिकडे करील. म्हणूनच कमीत कमी दुरुस्त्या लागतील अशी घरे निवडायची. आमच्या तीन जवळच्या घरांचे आकडे २,४५० ते २,५६५ यांच्यात आले, म्हणजे तराजू फार हलत नव्हता. मीटरला २,५०० धरले. गुणिले ६४, म्हणजे १,६०,००० युरो. मागणीपेक्षा १९,२०० कमी.

एवढ्यावर मुलगा खूश झाला. मुलगी मात्र हिशेबाची पक्की. ती म्हणाली, ‘काका, छपराखालच्या घराचे ६४ मीटर मोजले कसे?’

खरे सांगतो, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आपण कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअपच्या गोंधळात वाढलेली माणसे! इथे राहण्याजोगे क्षेत्रफळ कसे मोजायचे याचा २००४ सालचा नियम आहे. जिथे छपराची उंची २ मीटरपेक्षा कमी पण निदान १ मीटर आहे ती जागा निम्मी धरायची, १ मीटरपेक्षा कमी असेल ती मुळीच धरायची नाही, आणि बाल्कनी साधारणपणे पाव धरायची. पुढच्या शनिवारी भाडेकरूची वेळ घेऊन आम्ही लेझरचा मापक नेला. आजोबा भले होते, त्यांनी कॉफीही दिली. जाहिरातदाराने बाल्कनीचे ४ मीटर पूर्ण धरले होते, तिथे १ हवा. उतरत्या छपराखालचे ८ मीटर पूर्ण धरले होते, तिथे ४ हवेत. अगदी कोपऱ्यातला १ मीटर गेलाच. ६४ चे राहिले ५६.

म्हणजे दलालाचा भाव मीटरला २,८०० नव्हताच, तो ३,२०० होता. आणि आमच्या हिशेबाने किंमत झाली १,४०,०००.

पण गोष्ट इथे थांबत नाही. भाडेकरारातही ६४ मीटरच लिहिले होते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ सालीच ठरवून टाकले आहे की, प्रत्यक्ष क्षेत्रफळ करारातल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी भरले तर तो घराचा दोष मानायचा आणि भाडे कमी होते. आपली तूट साडेबारा टक्के. आजोबांनी, किंवा त्यांच्या वतीने एखाद्या भाडेकरू संघाने, मोजपट्टी काढली की ४४८ चे ३९२ होणार. वर्षाला ४,७०४ युरो. उताऱ्यातल्या पहिल्या दोन सौद्यांत भाडेही दिलेले होते, तिथे किंमत वार्षिक भाड्याच्या २६ ते २७ पट पडली होती. त्या पटीने आपल्या घराची किंमत सव्वा लाखाच्या आसपास येते. मागणीच्या भावाने मात्र ३८ वर्षांचे भाडे आगाऊ मोजावे लागले असते!

भाड्यावरून असा पडताळा घेण्याचा माझा आग्रह असतो, आणि त्याला या गावाचा इतिहास कारण आहे. एकीकरणानंतर १९९१ सालच्या कायद्याने पूर्वेकडच्या घरांवर घवघवीत करसवलत मिळाली. १९९६ पर्यंत घेतलेल्या घरांत बांधकामाच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत रक्कम पहिल्या पाच वर्षांतच घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येई. पश्चिमेकडचे डॉक्टर, दंतवैद्य, वकील धडाधड घरे घेऊ लागले. कित्येकांनी घर डोळ्यांनी पाहिलेही नाही, कर किती वाचतो एवढेच पाहिले. माझा श्टुटगार्टचा एक जुना सहकारी त्यातलाच. त्याला मी एकदा विचारले, ‘तू तुलना केली नाहीस का?’ तो म्हणाला, ‘केली ना, शेजारच्या सगळ्या घरांचा भाव तोच होता.’ शेजारची घरेही तशाच करसवलतवाल्यांनी घेतलेली! पुढे भाडेकरूच मिळेनात. २००० च्या सुमारास पूर्व जर्मनीत दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी होती आणि २००२ पासून सरकारने पैसे देऊन इमारती पाडायला सुरुवात केली. सगळा बाजारच चढलेला असेल तर तुलना तुम्हाला चढलेला भावच सांगणार. भाडे मात्र तिथे राहणाऱ्या माणसाच्या खिशातून येते, ते इतक्या सहजी फुगत नाही.

आता आजचा दलाल करसवलतीचे गाणे गात नाही, तो चिपचे गातो. तैवानच्या कंपनीने बॉश, इन्फिनिऑन आणि एनएक्सपी यांच्यासह इथे कारखाना काढायचे २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले, पुढच्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. आपली कितीतरी मुले त्या निमित्ताने इकडे येत आहेत, याचा आनंदच आहे. पण कारखाना शहराच्या उत्तरेला विमानतळाकडे आणि ल्योब्टाउ नैऋत्येला. भाव खरोखर चढला असेल तर तो नव्या सौद्यांच्या नोंदींत दिसेलच. तोवर दलालाच्या तोंडच्या ‘वाढणार’ या शब्दाला मीटरमागे काही मोजू नये.

तुलनेची घरे निवडताना ड्रेस्डेनपुरती आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे पाणी. ऑगस्ट २००२ चा पूर मी पाहिला आहे. एल्बची पातळी १७ तारखेला ९.४० मीटरवर गेली, हे सर्वांच्या लक्षात असते. पण त्याआधी चार दिवस वाइसेरित्स ही एरवी ओढ्याएवढी नदी आपल्या जुन्या पात्रात शिरली आणि मुख्य रेल्वे स्थानकात पाणी घुसले. तिचे पात्र १८९३ साली वळवलेले, नदी मात्र विसरली नव्हती. ल्योब्टाउचा सखल भाग तिच्याच काठचा. तेव्हा दोन घरे एकाच भागात आणि एकाच वयाची असली, तरी एक पूररेषेच्या आत आणि दुसरे बाहेर असेल तर ती सारखी नाहीत. शहराचे पुराचे नकाशे पाहता येतात, विम्याचा हप्ताही विचारून घ्यावा.

किरकोळ वाटणाऱ्या दोन बाबी राहिल्या. शेजारच्या घराच्या किमतीत गाडी लावायची जागा धरलेली आहे का, ते पाहावे, असल्यास ती आधी वजा करावी. आणि सौद्याच्या नोंदीत कर-खर्च नसतो. सॅक्सनीत खरेदीकर २०२३ च्या जानेवारीपासून साडेतीनचा साडेपाच टक्के झाला आहे. १,४०,००० वर तो ७,७०० होतो, वर नोटरी, नोंदणी आणि दलाली. हे पैसे घर विकताना परत मिळत नाहीत.

आमच्या जोडप्याने १,३२,००० युरो देऊ केले, कारण पुढे कायद्याच्या मर्यादेत भाडे थोडे थोडे वाढवता येईल असा विचार केला. सोबत मोजमापाचा कागद आणि चार सौद्यांचा तक्ता जोडला. दलाल रागावला. हे बाजाराचे अज्ञान आहे, असे त्याने लिहिले. नाताळात तीच जाहिरात १,६५,००० ला दिसली, क्षेत्रफळाच्या आधी ‘सुमारे’ हा शब्द घालून. मार्चमध्ये विकणाऱ्याचा स्वतःचा फोन आला की १,४८,००० ला तयार आहे. तोवर या दोघांचे लक्ष श्ट्रीझेनमधल्या एका दुसऱ्या घराकडे गेले होते आणि त्यांनी त्या भागाचा उतारा मागवलाही होता. माझा लेझरचा मापक अजून त्यांच्याकडेच आहे.